आठ-दहाच्या गाडीवरचा जन्म

सामखेड्याचं स्टेशन म्हणजे काय होतं, हे आज कुणाला सांगितलं तर हसू येईल. एक पत्र्याची खोली, तिला लागून मागच्या बाजूला अडगळीची दुसरी, समोर मुरूम टाकून केलेला हातभर उंचीचा फलाट, एक कडुनिंब आणि निंबाला तारेने टांगलेला रुळाचा तुकडा. गाडी मागच्या स्टेशनावरून सुटली की पोर्टर त्या तुकड्यावर लोखंडी कांब हाणायचा आणि तो टणत्कार थेट आमच्या चुलीपर्यंत यायचा. पाचोऱ्याहून पहूर, जामनेरकडे जाणारी ती छोटी गाडी. रूळ इतके जवळजवळ की गाडी उभी असली म्हणजे आपणच हाताने ढकलून पुढे न्यावी असं वाटे. कापसाचे गठ्ठे न्यायला ती आली आणि मग माणसंही न्यायला लागली. स्टेशनला जागा हवी होती तेव्हा माझ्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, बांधालगतचा तुकडा आपण होऊन दाखवला होता. त्यामुळे गाडी सरकारची असली तरी आमच्या घरात ती आबांचीच समजली जायची. उशीर झाला की माझी माय सुद्धा चुलीपाशी बसून म्हणायची, "तुमनी गाडी अजून उनी नही, आबा." आबा कानावर न आल्यासारखं करायचे.

गाडी यायच्या आधी सामखेड्यात वेळ नव्हती असं नाही, पण ती ढोबळ होती. गुरं सुटायची वेळ, न्याहारीची वेळ, सावली पायाखाली यायची वेळ. गाडी आली आणि गावाला एकदम मिनिटं कळायला लागली. सकाळची जामनेरकडे जाणारी आठ-दहाला, तीच परत फिरायची ती दुपारी एक-वीसला, आणि संध्याकाळची पाच-चाळीसला. हे आकडे गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होते. सकाळच्या गाडीला माय तव्यावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची पहिली भाकरी टाकायची. दुपारच्या शिट्टीला शेतातल्या बाया हातातलं खुरपं ठेवून फडकी सोडायच्या, ठेचा आणि कांदा काढायच्या. गंमत अशी की ही गाडी वेळेवर येते की नाही, हा प्रश्न गावात कुणाला पडलाच नव्हता. घड्याळ फक्त स्टेशनात आणि ते बघायला कोण जातंय? गाडी आली म्हणजे आठ-दहा झाले. उशिरा आली तर त्या दिवशी आठ-दहा उशिरा झाले. आमच्या भाकऱ्या कधी सूर्य हातभर वर असताना व्हायच्या, कधी डोक्यावर आल्यावर, आणि पोटं मात्र बिचारी रोज ठरल्या वेळीच ओरडायची. "आज भूक लवकर लागनी," असं म्हणून आम्ही पोटालाच दोष द्यायचो.

या सगळ्या प्रकारात आबांची चोपडी आली. लाल कापडी पुठ्ठ्याची, देवघरातल्या कोनाड्यात पोथीशेजारी ठेवलेली. आमच्या घरातले आणि भाऊबंदांतले जन्म आबा तिच्यात लिहीत. आबांच्या स्वतःच्या जन्माची नोंद कुठेच नव्हती, फक्त "ज्या साली विहिरीला खडक लागला त्या साली" एवढीच. ते त्यांना फार लागलं होतं. तेव्हा गाडी आल्यावर त्यांनी ठरवलं की आपल्या घरातली पोरं आता मिनिटावर जन्मतील. सुईण धुरपा मावशी बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आली की आबा पहिला प्रश्न विचारायचे, "कोनती गाडी?" धुरपाने गाडी सांगायची आणि आबांनी वेळ लिहायची. तिथीखाली इंग्रजी तारीखही स्टेशनमास्तरांना विचारून लिहायची. आता मूल काही गाडी बघून जन्माला येत नाही. पण धुरपाजवळ गाडीखेरीज दुसरं माप नव्हतं, म्हणून जवळात जवळची गाडी ती सांगून मोकळी व्हायची. त्यामुळे आमच्या भाऊबंदांत जे कुणी जन्मलं ते आठ-दहाला, एक-वीसला, नाहीतर पाच-चाळीसला. चौथी वेळच नाही. पाचोऱ्याच्या जोशीबुवांनी एकदा आबांना विचारलंही होतं की तुमच्या घरात सगळ्यांच्या जन्मवेळा त्याच तीन कशा. आबांनी ते कौतुकाने घेतलं. परवा माझ्या नातसुनेच्या बाळंतपणात दवाखान्यातल्या बाईंनी कागदावर मिनिटापर्यंत वेळ लिहून दिली, तर मी त्यांना दोनदा विचारलं की हे भिंतीवरचं घड्याळ तुम्ही कशावरून लावलं.

मी आठ-दहाची. माझा जन्म झाला तेव्हा आबा बैलांची दमणी जुंपून असोद्याला लग्नाला गेले होते. दोन दिवसांनी परत आले, पायावर पाणी घेतलं आणि दारातूनच धुरपाला विचारलं. ती म्हणाली, "सकायनी गाडीनी शिट्टी वाजनी आन् पोर रडनी." आबांनी लिहिलं. त्या एका ओळीने पुढे मला इतकं छळलं की काय सांगू. जोशीबुवांनी तिच्यावरून पत्रिका मांडली आणि चौथ्या घरात मंगळ निघाला. तोवर आमच्या शेतकऱ्यांच्या घरांत पत्रिका कोण बघत होतं? नावावरून जमलं की झालं. गाडीआधी जन्मलेल्या माझ्या आत्यांना मंगळ नव्हता, शनी नव्हता, कारण त्यांना वेळच नव्हती. आमच्या नशिबी ग्रह आले ते गाडीतून उतरूनच आले.

पंधरावं लागलं आणि दोन स्थळं मंगळावरून परत गेली. तिसरं पहूरचं. मुलगा सातवीची फायनल पास झालेला, घरी विहिरीची जमीन, माणसं बोलायला गोड. तो आपल्या मामाबरोबर दुपारच्या गाडीने मला बघायला आला होता. आमच्या ओसरीची चौकट बुटकी. आत येताना त्याचं डोकं तिच्यावर असं आपटलं की टोपी खाली पडली. मामा कळवळले, आणि तो मात्र टोपी उचलता उचलता स्वतःशीच हसला. मी आडोशाला पोह्यांची ताटली घेऊन उभी होते. एवढ्या लोकांत आपटल्यावर न चिडता हसणारा पुरुष मी पहिल्यांदाच पाहत होते. मला तो आवडला. हे त्या काळी कुणाला बोलून दाखवण्यासारखं नव्हतं, आज लिहून टाकते. आठ दिवसांनी मामांचा निरोप आला की मुलगी पसंत आहे, पण पत्रिकेत मंगळ दिसतो, तेव्हा देव करो आणि तुम्हाला चांगलं घर मिळो. लागलीच दुसरीकडून चाळीसगावकडचं एक बिजवर स्थळ चालून आलं. त्यालाही मंगळ. मंगळाला मंगळ चालतो म्हणे. वय चाळिशीकडे झुकलेलं, पहिलीची दोन मुलं. माझे वडील, नाना, फार बोलणारे नव्हते. ते दिवसभर बैलांजवळच बसून राहिले. माय भाकरी थापताना मधेच थांबायची, कान देऊन काहीतरी ऐकल्यासारखं करायची आणि पुन्हा थापायला लागायची. मला वाटे, हिलाच माझा जास्त राग आला असेल. मंगळाची पोर हिच्याच पोटी आली ना.

नानांनी शेवटचा प्रयत्न म्हणून पाचोऱ्याला जाऊन जोशीबुवांना गाठलं. बुवा म्हणाले, जन्मवेळ तासभर पुढची असती तर मंगळ एक घर मागे सरकला असता, तिसऱ्यात गेला असता, मग काही अडचण नव्हती. आणि तिथेच बसलेल्या कुणीतरी हसत हसत विचारलं, "पण तुमची गाडी वेळेवर कधी येते?" नाना घरी आले आणि हे वाक्य त्यांनी ओसरीवर जसंच्या तसं सांगितलं. आबांनी कोनाड्यातून चोपडी काढली. मग म्हणाले, "म्हंजे मनी चोपडी खोटी शे का?" नाना म्हणाले, "तसं नही आबा. गाडी खोटी व्हई." आबांना ते त्याहून लागलं. मी मात्र त्या दिवशी पुरती गोंधळून गेले. इतकी वर्षं मी एक मुलगी होते. आता दोन झाले होते. एक आठ-दहाला जन्मलेली, नवऱ्याच्या मुळावर येणारी, चाळीसगावला जाणारी. दुसरी नऊ-साडेनऊला जन्मलेली, निर्दोष, पहूरला जाणारी. दोघींचे हातपाय तेच, डोक्यावरचं तेलही तेच. यातली खरी मी कोणती, हे मला ठाऊक नाही आणि रेल्वेला ठाऊक आहे, हे काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं.

स्टेशनात प्रत्येक गाडीची नोंद ठेवतात हे मीच घरात सांगितलं. मास्तरांकडे दूध पोचवायचं काम माझं होतं. मास्तर कुठले तरी लांबचे, कोकणाकडचे. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि मास्तरीणबाईंना दुपार खायला उठायची. त्यांनी मला आधी मराठी आणि मग हौसेने इंग्रजी अक्षरं शिकवली. स्टेशनात शिकायला पुस्तक कुठलं? मास्तरांचं रजिस्टरच. कोणती गाडी, यायची वेळ कोणती, आली कधी, गेली कधी आणि शेवटी शेरा. ‘लेट’ आणि ‘राइट टाइम’ हे माझे पहिले इंग्रजी शब्द, आणि त्यांतला दुसरा क्वचितच वाचायला मिळे.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी गेल्यावर आबा पांढरा फेटा बांधून, चोपडी काखेत घेऊन स्टेशनावर निघाले आणि मला म्हणाले, "चाल." मास्तर टेबलाशी बसले होते. आबा उभ्यानेच म्हणाले, "मास्तर, मनी नातना जलम गाडीवर लिखेल शे. त्या रोज ती गाडी कितली लेट व्हती, तेवढं माले सांगा." मास्तरांना आधी काही कळेचना. कळल्यावर त्यांनी हसू दाबलं, मग आबांचा चेहरा पाहून ते हसायचे थांबले. "आबा, इतकी जुनी रजिस्टरं ठेवायचा नियम नाही," ते म्हणाले, "पण माझ्या आधीच्या कुणी ती जाळलीही नाहीत. मागच्या खोलीत पडली आहेत. वाळवीने ठेवलं असेल तर सापडेल." पोर्टरने गठ्ठे आणून टाकले. आबा बाकावर बसले. मास्तरांनी चोपडीतली तारीख बघून एक रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "तू वाच. तुला येतं," असं म्हणेपर्यंत तारयंत्र कटकट करायला लागलं आणि ते तिकडे वळले.

पानं एकमेकांना चिकटली होती. वाळवीने कडेकडेने नक्षी केली होती. मी बोटाने एकेक दिवस ओलांडत गेले. पंचवीस मिनिटं लेट, पन्नास मिनिटं लेट, दोन तास दहा मिनिटं लेट. माझ्या दिवसावर बोट आलं आणि थांबलं. तिथे वेळच नव्हती. सगळ्या रकान्यांतून एक आडवी रेघ ओढली होती आणि शेऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘नो ट्रेन. इंजिन फेल, पाचोरा.’ मला वाटलं मी ओळ चुकले. वरची वाचली, खालची वाचली. खालच्या दिवशीही रेघच. त्या दिवशी सकाळची गाडी आली नव्हती, संध्याकाळची आली नव्हती, शिट्टी वाजली नव्हती. मग धुरपाने काय ऐकलं? मी कशावर जन्मले? दोन मुलींपैकी एक निवडायला आले होते, तर आता एकही नव्हती.

"सापडनं का?" आबांनी विचारलं. खरं सांगावं तर चोपडी खोटी पडत होती, धुरपा खोटी पडत होती, आणि मंगळ होता की नव्हता ते तसंच लटकत राहत होतं. त्या लटकलेल्या मंगळापेक्षा चाळीसगावचं चालून आलेलं स्थळ घरच्यांना बरं वाटलं असतं, हे मला दिसत होतं. डोळ्यांपुढे ती पडलेली टोपी आली आणि तोंडातून निघून गेलं, "आबा, एक तास वीस मिनिटं लेट."

आबा उठून जवळ आले. त्यांना इंग्रजी आकडा ओळखता येत नव्हता. ते पानाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मास्तरले दखाड." मास्तर तार सोडून आले, वाकले, माझ्या बोटाखालची रेघ त्यांनी वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. हा तोच माणूस, ज्याने एकदा सख्ख्या मेव्हण्याला तिकीट नाही म्हणून फलाटावर उतरवून ठेवलं होतं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "बरोबर आहे. एक तास वीस मिनिटं." आबांनी कागदावर मागितलं, तर तेही त्यांनी लिहून दिलं आणि खाली स्टेशनचा शिक्का मारला. शिक्का मारताना त्यांचा हात जरा जोरातच पडला. त्यांनी असं का केलं हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांच्या बदलीच्या दिवशी पाया पडायला गेले तेव्हाही विचारायचा धीर झाला नाही.

घरी येऊन आबांनी चोपडी उघडली, आठ-दहा खोडलं आणि साडेनऊ लिहिलं. त्या चोपडीतली ती पहिली खाडाखोड. मग मागची, बाकी सगळ्यांची पानं उलटत ते स्वतःशीच म्हणाले, "मंग बठ्ठासना जलम चुकना का?" त्यानंतर त्या चोपडीत त्यांनी एकही वेळ लिहिली नाही, नुसती तिथी. माझं काम झालं याचा आनंद मला धड घेताच आला नाही, कारण समोर आबा असे बसले होते. चार दिवसांत बातमी गावभर झाली. ज्यांच्या मुलींना शनी, ज्यांच्या मुलांना राहू, ते सगळे स्टेशनावर लोटले. मास्तरांनी मागच्या खोलीला कुलूप घातलं आणि रजिस्टरं वाळवीने खाल्ल्याचं जाहीर केलं.

मंगळ तिसऱ्या घरात गेला आणि मी पहूरला. माणूस जसा वाटला होता तसाच निघाला. पण मी आतून धास्तावलेली. यांना साधं पडसं झालं तरी मला ती आडवी रेघ दिसायची. चौथ्या घरातला मंगळ खरा असेल तर? मी नुसत्या एका टोपीपायी या भल्या माणसाच्या जिवाशी खेळले असेन तर? पुढे चांगली पंचाहत्तरी पार करून ते गेले, तरी त्या क्षणी माझ्या मनात पहिला आला तो मंगळच. माणसाचं डोकं हे असं असतं.

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मी माहेरी आले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, घरोघर खापरावरच्या पुरणपोळ्या होतात. जामनेरकडून परत फिरणारी ती दुपारची गाडी. पहूरलाच तिला तासावर उशीर झाला. सामखेड्याला उतरले, तर कडुनिंबाखाली माय बसलेली. माझी माय कधी स्टेशनावर आली नव्हती. बायकांनी तिकडे जायची रीत नव्हती आणि तिला कामातून सवडही नव्हती. आखाजीचं पुरण चुलीवर टाकून ती इथे येऊन बसली होती. तिला तशी बघितली आणि माझ्या मनातलं सगळं बाहेर आलं. तिथेच तिच्याजवळ बसून मी रडत सांगितलं की मी रजिस्टर खोटं वाचलं, त्या दिवशी गाडी आलीच नव्हती.

माय म्हणाली, "माले माहीत शे."

ती पदराने माझं तोंड पुसत सांगू लागली. माझ्या वेळी पाचोऱ्याहून तिची आई यायची होती, सकाळच्या गाडीने. बाळंतपणाला आई जवळ असावी एवढंच तिला हवं होतं. "मना बठ्ठा जीव त्या गाडीमा व्हता. सकाय गयी, दुपार गयी, कान देईसन पडेल व्हती, पन शिट्टी काही वाजनी नही. तिसरा दिन मनी माय बैलगाडीवर उनी. आबानी दारमाईन इचारं, कोनती गाडी. धुरपानी मनाकडे देखं. ती बिचारी काय सांगती? गाडी सांगी दिनी. मी गप राह्यनू. घरमा पत्रिका वाचनी तव्हयबी गपच राह्यनू. मन्हा तोंडमाईन निघनंच नही."

"मंग मी कव्हय जलमनू, माय?" मी विचारलं. "तुले ते आठवत व्हई ना."

तिने आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून. मग तिचा चेहरा पडला. "नही गं बाई," ती म्हणाली. "धुरपानी तुले मनाजोडे ठेवं, तव्हयबी मी तिले हेच इचारं, गाडी उनी का? तू कव्हय उनी, ते मन्हा ध्यानमाच नही."

मला वाईट वाटायला हवं होतं की सुटल्यासारखं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. जगात एकाच माणसाला माझी वेळ ठाऊक असायला हवी होती आणि त्याचं लक्ष नेमकं दुसरीकडे होतं. पण ते कुठे होतं हे कळलं आणि मला तिची इतकी दया आली की माझा मंगळ, माझा खोटेपणा, सगळं त्यात बुडून गेलं. एकवीस-बावीस वर्षांची एक मुलगी अंधाऱ्या खोलीत आपल्या आईची वाट बघत पडली होती.

"तू कव्हयनी बठेल शे इथे?" मी तिला विचारलं.

"सकायपासून."

"दुपारनी गाडी शे ना मनी, सकायनी नही."

"माहीत शे," माय म्हणाली. तिने माझं बोचकं उचलून आपल्या डोक्यावर घेतलं, मला घेऊ दिलं नाही. "आज उनी ना गाडी. चाल."